माउंटन कुठाय बे?

सोलापुरात डोंगर नाही. दुकानात ४२ हजार मोजायच्या आधी हे मी स्वतःशी एकदा तरी म्हणायला हवं होतं. आमचा किल्लासुद्धा भुईकोट. बांधणाऱ्यांना जवळपास टेकाड सापडलं नसावं, म्हणून त्यांनी सपाटीवरच बांधला आणि भोवती खंदक खणून उंचीची हौस खोलीवर भागवली. सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यात. म्हणजे गावात बघण्यासारखं जे काही आहे ते एक तर भुईला टेकलेलं, नाहीतर पाण्यात उभं. असल्या गावात मी माउंटन बाईक घेतली. वय ४६, वजन ९४ किलो, आणि शेवटची सायकल चालवली ती दहावीचा निकाल बघायला जाताना. येताना ढकलत आणली होती, पण त्याचं कारण वेगळं होतं.

याला कारण टॉवेल. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. घरात वर्षानुवर्षं एकच माप, सत्तावीस-चोपन्न इंचाचं, तेही सेकंडचा माल. लग्न झालं तेव्हा तो टॉवेल कमरेला गुंडाळला की वरून हातभर उरायचा, ऐटीत खोचता यायचा. परवा बघतो तर जेमतेम वीत. टॉवेल आटत असेल म्हणून मी दुसरा काढला, तिसरा काढला. मग बायको म्हणाली, "अहो, सगळेच टॉवेल एकदम कसे आटतील?" डॉक्टर दोन वर्षं जे सांगत होते ते मला तेव्हा पटलं. माणसाला आपल्या धंद्यातल्या मापात सांगितलं की लवकर कळतं.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पण दिवाळीला पुण्याहून भाचा आला आणि म्हणाला, "मामा, चालतात म्हातारी माणसं. तू सायकल घे." साधी सायकल घेतो म्हटलं तर त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीतून रस्त्याकडं पाहिलं आणि निकाल दिला, "तुझ्या वजनाला आणि आपल्या रस्त्यांना जाड टायरच पाहिजे." या युक्तिवादात मला आजही खोट काढता येत नाही.

दुकानातल्या पोरानं सांगितलं, ही हार्डटेल आहे. म्हणजे पुढच्या चाकाला झटके पिणारे दांडे असतात, मागच्याला नसतात. मागचे झटके कुणी प्यायचे हे त्यानं सांगितलं नाही, ते मला पहिल्याच खड्ड्यात कळलं. चाकं २९ इंची. गिअर मागं नऊ, पुढं दोन. घरी आणली तेव्हा आईनं तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"कॅरेज कुठाय?"

"नसतं याला."

"स्टँड?"

"नसतं."

"मडगार्ड? घंटी?"

मी गप्प.

"मग त्यानं दिलं काय तुला?"

स्टँड नसल्यामुळं सायकल हॉलमध्ये शोकेसला टेकवली. आठ दिवसांत तिच्या हँडलवर पंचे वाळायला लागले, कारण आठ दिवस ती जागची हललीच नाही. हवेचं प्रकरण झालं होतं. आपल्याला सायकलचा वाल्व्ह म्हणजे जाड, रबरी टोपणाचा माहीत. हिचा वाल्व्ह काडीसारखा बारीक आणि त्याच्या टोकाला मुगाएवढा नट. तो नट बोटानं सैल करायचा, मगच हवा आत जाते. हे मला नंतर कळलं. मी सायकल घेऊन थेट गल्लीच्या तोंडाशी पंक्चर काढणाऱ्या चाचांकडं गेलो. चाचांनी चष्मा कपाळावर नेला, वाल्व्ह दोन बोटांत धरला आणि विचारलं, "ये सुई कायकू लगाए?" त्यांचं नोजल मोटरसायकलचं, ते बसेना. मग त्यांनी ते मुगाएवढं टोक पक्कडीत धरलं. सुस्स झालं. मागच्यालाही बघू म्हणून मागचंही धरलं. तेही सुस्स. आलो तेव्हा हवा थोडी कमी होती, निघालो तेव्हा अजिबात नव्हती. चाचांनी पैसे घेतले नाहीत एवढं मात्र कबूल केलं पाहिजे. त्या वाल्व्हवर बसणारं एक पितळी टोपण मिळतं, नखाएवढं. ते आता मी किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवतो. ऑफिसात लोक विचारतात हे कशाचं, तर मी तिजोरीचं सांगतो.

चड्डीबद्दल लिहू की नको असं झालंय, पण लिहितो. या सायकलीची सीट तळहाताएवढी आणि जात्याइतकी मऊ. म्हणून आत गादी शिवलेली चड्डी घ्यायची असते. भाच्यानं आवाज खाली आणून सांगितलं, "मामा, हिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. शिवण घासते." मी आयुष्यात पहिल्यांदा भाच्याच्या तोंडून असलं काही ऐकत होतो, त्यामुळं पुढचं विचारलं नाही. धुतल्यावर बायकोनं ती गच्चीवर दोरीला घातली, गादी वाळावी म्हणून उलटी करून. संध्याकाळी शेजारच्या वहिनी दारात. हळू आवाजात म्हणाल्या, "भावजींचं ऑपरेशन झालं आणि आम्हाला कळवलं पण नाही?" हातात मोसंब्यांची पिशवी होती. मोसंबी आम्ही ठेवून घेतली.

पहिला चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल. वीस वर्षं मी स्कूटरवरून त्या पुलावरून जातोय. त्याला चढ आहे ही माहिती स्कूटरनं माझ्यापासून लपवून ठेवली होती. सकाळी सहाची वेळ. पायथ्याला होतो तोवर बरं चाललं होतं. निम्म्यात आलो, मांड्या भरून आल्या, तेव्हा आठवलं की अरे, आपल्याला गिअर आहेत. चढ लागायच्या आधीच गिअर हलका करून घ्यायचा असतो. मी सगळं वजन पेडलवर देऊन उभा असताना दोन खटके एकदम दाबले. साखळी कडाडली, दात सोडून निसटली आणि दोर तुटलेल्या रहाटासारखे पाय मोकळे फिरले. खाली उतरलो. साखळी परत चढवली, हात काळे झाले, घाम पुसल्यावर तोंडही काळं झालं. दुसऱ्या खेपेला सगळ्यात हलका गिअर लावून निघालो. त्यात पाय शिवणयंत्रासारखे चालतात आणि सायकल जागच्या जागी. शेजारून पांढऱ्या पायजम्यातले एक आजोबा फिरायला चालले होते. ते माझ्याबरोबर, त्यांच्या नेहमीच्या चालीनं, पूल संपेपर्यंत गप्पा मारत आले. गप्पा म्हणजे ते बोलत होते. मला उत्तर द्यायला हवा नव्हती. वर पोचल्यावर म्हणाले, "उतरून ढकलायचं की. लवकर पोचला असता."

कारखान्यात बातमी माझ्या आधी पोचलेली. पॅकिंगमधला एकजण ओरडला, "काय बे, माउंटन बाईक घेतलास म्हणं! माउंटन कुठाय बे?" तेव्हापासून मी कारखान्यात शिरलो की कुणीतरी हात डोळ्यांवर धरून लांबवर डोंगर शोधतो.

असल्या माणसांना उत्तर द्यायला इतिहास लागतो, म्हणून भाच्याला फोन लावला. या खेळाचं मूळ कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत. तिथल्या काही पोरांनी १९७६ साली जुन्या, जडशीळ, बिनगिअरच्या सायकली डोंगरावरून मातीच्या वाटेनं सोडायची शर्यत सुरू केली. दोन मैलांत १३०० फूट उतार. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे मधल्या हबमध्ये, पेडल उलटं मारून लावायचा. तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली आल्यावर तुंबा उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच रिपॅक, म्हणजे 'परत भरा', असं पडलं. पुढं वीस वर्षांत, १९९६ ला, हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये गेला. हे सगळं ठीक. पण भाचा बोलता बोलता एक गोष्ट सहज बोलून गेला, ती मी लगेच कागदावर उतरवून ठेवली. ती पोरं डोंगराच्या माथ्यावर सायकली ट्रकात घालून न्यायची. चढायची नाहीत. मूळपुरुष चढत नव्हते! मग मीच पुलावर जीव का टाकत होतो?

रविवारी भाच्यानं मला उताराचं शिक्षण द्यायला एकरुख तलावाकडं नेलं. हिप्परगा म्हणून आपण म्हणतो तो, तुळजापूर रोडचा, १८७१ साली बांधून झालेला. तलावाच्या अलीकडं-पलीकडं मुरमाड माळ आहे, वाळलं गवत, मधूनच ओघळीनं खाल्लेली जमीन. स्कूटरवरून पाहिलं तर सपाट. सायकलवरून पाहिलं तर हिमालयाची धाकटी पाती. भाच्यानं उभं राहायचं कसं ते दाखवलं. दोन्ही पेडल समान उंचीवर, गुडघे वाकवलेले, कोपरं बाहेर, बूड सीटच्या मागं. उडायच्या बेतात असलेल्या कोंबडीसारखं दिसतं ते. "आणि एक लक्षात ठेव," तो म्हणाला, "नजर जिथं, सायकल तिथं. जिथं जायचं नाही तिथं बघायचंच नाही."

त्या अख्ख्या माळावर, नजर पोचेल तिथवर, एक वेडी बाभूळ होती. एकच. मी ठरवलं, तिच्याकडं बघायचं नाही. ते ठरवण्यासाठी ती नेमकी कुठं आहे हे एकदा बघून घेतलं.

मुरमावर सायकल सुटली की खडे टायरखालून फुटाण्यासारखे उडतात. हँडल हातात थरथरतं, गाल थरथरतात, गाल आहेत हे पहिल्यांदा कळतं. वीस पावलं फार सुंदर गेली. मी ओरडलोसुद्धा, कशाला ते माहीत नाही. मग बाभूळ मोठी व्हायला लागली. मी डावीकडं वळायचं म्हणून हँडल डावीकडं आणि डोळे बाभळीवर, असा कारभार चालू होता. शेवटी ब्रेक आवळला, तो पुढचाच. मागचा ब्रेकही असतो हे घाईत आठवत नाही. डिस्क ब्रेक चांगल्या प्रतीचे निघाले. सायकल बाभळीच्या हातभर अलीकडं थांबली. मी थांबलो नाही.

शेळ्या राखणारं एक पोरगं लांबून हे बघत होतं. जवळ आलं, मला नीट न्याहाळलं आणि म्हणालं, "काका, तिथं आमच्या शेळ्याबी जात न्हाईत." मग त्यानं त्याच बाभळीचा एक लांब काटा मोडून घेतला आणि माझ्या दंडातले काटे एकेक करून उकरून काढले. काट्यानं काटा काढणं मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरतंच शिकलो होतो. अकरा निघाले. बारावा ऑफिसात, मंगळवारी, खुर्चीवर बसताना सापडला. टायरमध्ये वेगळे. भाच्यानं पुढची ट्यूब बदलली, तोवर मागची बसली, आणि जास्तीची ट्यूब आणली होती ती एकच. हमरस्त्यापर्यंत ढकलत आलो. तिथून कोथिंबीर घेऊन चाललेल्या छोट्या हत्तीत मी, सायकल आणि कोथिंबीर असे तिघं गावात आलो. माझ्यात आणि मॅरिन काउंटीच्या पोरांत एवढाच फरक, की त्यांचा ट्रक आधी असायचा, माझा नंतर होता.

महिन्यानं वजन केलं. ९४ चं ९४ किलो ६०० ग्रॅम. भाचा म्हणाला, स्नायू वाढलेत. बायको म्हणाली, चटणी वाढलीय. ते खरं आहे. माळावरून आल्यावर जी भूक लागते ती भूक नसते, वसुली असते. कडक भाकरी ताटात मोडली की तिचा आवाज गल्लीत ऐकू जातो, वर शेंगाची चटणी, त्यात दही, दुसरी भाकरी, चटणी उरली म्हणून तिसरी, भाकरी उरली म्हणून परत चटणी. टॉवेल मात्र वीतभर आणि वर दोन बोटं उरायला लागलाय. बायकोचं म्हणणं, हा टॉवेल नवीन लॉटमधला आहे.

आता भाच्याच्या डोक्यात तुळजापूर आहे. ४५ किलोमीटर, शेवटी घाट, आई भवानीचं दर्शन. मी नाही म्हटलं नाही. फक्त त्या संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन चौकशीच्या खिडकीत विचारून आलो, तुळजापूरच्या गाडीला सायकल टाकता येते का. मूळ परंपरेला धरूनच होतं ते. खिडकीतल्या बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, हेल्मेटकडं पाहिलं.

"टपावर टाकता येती," त्या म्हणाल्या, "पण मागच्या शिडीनं तुमची तुम्हालाच चढवावी लागंल."