बंब उशिराच यावा म्हणून

आगीचा बंब नेहमी उशिराच येतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ही परंपरा टिकवणं सोपं नाही. केंद्रात घंटा वाजली की जवान धावत गाडीत चढतात, म्हणजे त्यांच्याकडून उशिराची फारशी आशा नाही. काय करायचं ते आपल्यालाच करायला हवं.

सुरुवात गेटपासून करा. बंब वळावा म्हणून सोडलेली मोकळी जागा म्हणजे चुकून रिकामं राहिलेलं पार्किंग, हे सोसायटीच्या एजीएममध्ये ठणकावून सांगा. तिथे पट्टे मारा, नंबर टाका, चिठ्ठ्या काढा. उरलेल्या कोपऱ्यात गणपतीच्या मांडवाचे बांबू राहू द्या. अनंत चतुर्दशी झाली की उचलतो म्हणाला होता डेकोरेटर. कुठल्या वर्षीची ते नाही बोलला.

मग जिन्यात या. काचेच्या दाराची लाल पेटी दिसते ना, तिच्यात होजपाइप असायचा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पेटीत दोन खराटे, फिनेलची बाटली आणि कुणाच्या तरी तुळशीसाठी आणलेली माती सुखरूप आहे. पितळी नोझल केव्हाच भंगारात गेलं. आग लागली तर रहिवाशांनी थांबायला मोकळी ठेवलेली जागा, म्हणजे रेफ्युज एरिया, तिथे टेबल टेनिस मांडा. गच्चीला कुलूप, चावी सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावाला.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत आगीची यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडून तपासून ती ठीक असल्याचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, द्यावा लागतो. घाबरू नका, फाइलला आग लागत नाही. फक्त ‘एकदा पंप चालू करून बघू या का?’ असं विचारणाऱ्या सभासदाला पुढच्या कमिटीत घेऊ नका.

एप्रिलमध्ये जरा जपून. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक परत आले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. जवान सोसायटीत येऊन आग विझवायच्या सिलिंडरची पिन कशी ओढायची ते दाखवतात. तुम्ही शाल-श्रीफळ द्या, फोटो काढा. निघताना त्यांचीच गाडी कुणाच्या तरी डिक्कीला अडली, तर ‘साहेब, जरा रिव्हर्स घ्या ना’ एवढं म्हणायचं.

रस्त्यावरही हे व्रत मोडू नका. 108 मागून किंचाळत असली तरी लेन सोडायची नाही; ती कशीबशी पुढे गेली की मात्र तिच्या शेपटीला धरून सिग्नल पार करायचा. वाट न दिल्यास दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मी आजवर पावती फाटताना पाहिली ती हेल्मेटचीच.

आणि खरंच एखाद्या रात्री बंब गेटपाशी येऊन थांबला, वॉचमन गाडी काढा म्हणून बेल वाजवू लागला, तर लगेच दार उघडू नका. ‘बंब अजून आला नाही, प्रशासन झोपलंय का’ हा ग्रुपवरचा मेसेज आधी पूर्ण करा.