ककारांची कत्तल

पत्रकारितेच्या वर्गात आमच्याकडून सहा ककार घोकून घेतले होते: कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं. बातमीतून यातला एक जरी निसटला तरी सर कागद परत करायचे, तोही न बोलता. पदवी मिळाली, पेपरात जागा निघाली नाही आणि मी एका कंपनीच्या कॉर्पोरेट कम्युनिकेशन विभागात चिकटले. ‘तिकडे बातमी शोधायची असते, इकडे द्यायची,’ असं मुलाखतीत सांगितलं होतं. किती द्यायची, ते कुणी बोललं नव्हतं.

पहिलंच काम आलं. एक युनिट बंद होणार होतं, त्याची प्रेसनोट. वीस मिनिटांत लिहून टाकली. इंट्रो असा: ‘मागणी घटल्यामुळे कंपनी आपलं एक युनिट मार्चअखेर बंद करत आहे.’

मॅडमनी वाचलं, चष्मा काढला.

“अगं, ही बातमी झाली.”

“थँक यू, मॅडम.”

“कौतुक नाही करत आहे मी.”

मग मसुदा मंजुरीला निघाला. मंजुरी अकरा जणांची. विधी विभागानं पहिल्याच वाचनात ‘का’ उडवला. कारण दिलं की ते सिद्ध करावं लागतं. एचआरनं ‘कोण’ काढला. वित्त विभागाला ‘कधी’ खटकला, म्हणून मार्चअखेरचं ‘येत्या काळात’ झालं. ‘कुठे’ कुणी नेला ते कळलंच नाही. एका मेलमध्ये होता, दुसऱ्यात नव्हता. ‘बंद’ या शब्दाचं ‘सुसूत्रीकरण’ झालं. ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल हीच’ अशा फायली साठत गेल्या. नवव्या मसुद्यात कंपनीला आनंद होऊ लागला. कशाचा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

मध्ये मोठ्या साहेबांचं अवतरण हवं होतं. मला वाटलं, जाऊन विचारायचं. सगळे हसले. अवतरण मीच लिहायचं असतं! ‘बदल ही आमच्यासाठी संधी आहे,’ असं मी जांभई देत लिहिलं. पुढच्या आठवड्यात साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, “मी नेहमी म्हणतो, बदल ही संधी आहे.” मी ते वहीत उतरवून घेतलं.

उमेद खचली की मी जनसंपर्क क्षेत्राचा जनक मानला जाणारा आयव्ही ली आठवते. तोही आधी बातमीदारच. १९०६ मध्ये अमेरिकेत एका रेल्वे कंपनीच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा यानं तो झाकण्याऐवजी पत्रकारांना घटनास्थळी नेलं आणि निवेदनही काढलं. न्यूयॉर्क टाइम्सनं ते जसंच्या तसं छापलं. पहिली प्रेसनोट म्हणून त्याचंच नाव घेतात. बिचाऱ्याच्या वाटेला अकरा मंजुऱ्या आल्या नसाव्यात, नाहीतर गाडीचंही सुसूत्रीकरण झालं असतं.

शेवटी प्रेसनोट गेली. तासाभरात वर्गमित्राचा फोन. तो पेपरात लागला होता.

“वाचली. आनंद झालाय एवढं समजलं. युनिट का बंद करताय?”

बंद करतोय असं प्रेसनोटमध्ये कुठेच नव्हतं. मागच्या बाकावर बसायचा, पण डोकं होतं पठ्ठ्याला.

“मेलवर पाठव,” मी म्हटलं.

त्यानं पाठवला, मी पुढे सरकवला. संध्याकाळी विधी विभागाकडून परत आला. उत्तराची जागा कोरीच होती. त्याच्या प्रश्नातला ‘का’ मात्र खोडलेला होता.