"बोट हलतंय ना, मग फ्रॅक्चर नाही" म्हणे!

हाताच्या फ्रॅक्चरबद्दल एक मेसेज फिरतोय: बोट हलतंय म्हणजे हाड शाबूत, एक्सरेत वाकडं दिसलं की ऑपरेशन लागणारच, प्लास्टर जितकं जास्त दिवस तितकं चांगलं, आणि तारा-प्लेट म्हणजे निव्वळ बिल वाढवायचा धंदा.

पहिलं सरळ खोटं. मोडलेलं बोटही हलतं, दुखत दुखत का होईना.

दुसऱ्यात खरी गंमत आहे. गुद्दा मारल्यावर करंगळीच्या खालचं, तळहातातलं हाड मानेशी, म्हणजे बोटाकडच्या टोकाजवळ, मोडतं, तिथे 30-40 अंश वाक असला तरी बऱ्याचदा तसाच चालवून घेतात, कारण त्या हाडाच्या मुळाशी सांधा हलतो आणि तो सांभाळून घेतो. तर्जनीखालचं हाड मुळाशी घट्ट, तिथे 10-15 अंशांच्या पुढे डॉक्टर विचारात पडतात. पण वाकापेक्षा पीळ जास्त महत्त्वाचा! मूठ हळूहळू वळायला सांगतात ते त्यासाठीच, सगळी बोटं अंगठ्याच्या बुडाकडे झुकायला हवीत, एखादं शेजारच्यावर चढलं तर हाड पिळलंय. तळहातातल्या हाडात 5 अंशांचा पीळ म्हणजे बोटाच्या टोकाशी जवळपास दीड सेंटीमीटर फरक, आणि एक्सरेत तो धड दिसतही नाही, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून "ऑपरेशन लागेल का" विचारणाऱ्यांनी काय ते समजून घ्यावं.

प्लास्टरचं तर उलटंच आहे. बोटं आखडायला वेळ लागत नाही, म्हणून बहुतेक वेळा 3-4 आठवड्यांत हालचाल सुरू करतात, एक्सरेत मोडीची रेघ दिसत असली तरी. ती रेघ कधीकधी महिनोन्‌महिने राहते. अपवाद मनगटातल्या स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाचा, त्याला रक्तपुरवठा उलट्या टोकाकडून येतो म्हणून 8-12 आठवडेही लागतात, शिवाय ते मोडलेलं असूनही पहिला एक्सरे साफ येऊ शकतो.

राहिलं बिल. गरज नसताना कापणारे कुठेच नसतात असं मी म्हणत नाही. पण सांध्याचा पृष्ठभाग सरकलाय, अंगठ्याच्या बुडाचं हाड स्नायू ओढून परत परत जागेवरून हलवतोय, हाड कातडीबाहेर आलंय, तिथे नुसतं प्लास्टर पुरत नाही. आणि प्लेटचा तोटाही असतो, वरचे स्नायुबंध (बोट हलवणाऱ्या दोऱ्या, टेंडन) तिला चिकटून बोट आखडतं, म्हणून चांगला सर्जन उगाच प्लेटच्या मागे लागत नाही.

मेसेजमध्ये नसलेलं एक: गुद्दा समोरच्याच्या दातावर बसून बोटाच्या सांध्यावर बारीकशी जखम झाली असेल तर लगेच दाखवा, दात सांध्यापर्यंत गेला असेल तर हाड अजिबात मोडलेलं नसलं तरी सांधा ऑपरेशन करून धुवावा लागतो.