तीन पत्ती येते म्हणजे पोकर येतं असं नाही

गणपतीच्या जागरणाला आणि दिवाळीत ठाण्यातल्या घराघरांत तीन पत्तीचे डाव रंगतात. त्यामुळे घोडबंदरच्या एखाद्या सोसायटीत सहा मित्र टेक्सास होल्डम (हातात दोन आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडे पत्ते, त्यांतून पाच पत्त्यांचा हात जुळवायचा, असा पोकरचा प्रकार) शिकायला बसले, की पहिला वाद ठरलेला. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला. हे कोणाच्या लहरीवर ठरलेलं नाही. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पत्त्यांत हेच उलटतं: कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. जो हात दुर्मीळ, तो वरचढ. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: एक्का ते पंजी हा पोकरमधला सगळ्यात खालचा सिक्वेन्स.

माझं ठाम मत आहे की पोकर मित्रांबरोबर शिकावं आणि एक रुपयाही न लावता शिकावं. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे, आणि राज्यात १८८७चा जुगारबंदी कायदा आहेच. "पैसे नसले की कोणी पत्ते टाकून डाव सोडतच नाही" ही तक्रार मात्र खरी आहे. त्याचं कारण म्हणजे चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) संपल्या की आपण लगेच नव्या देतो. ते बंद करा. संपल्या की तो माणूस बाहेर, आणि कोण कितवा आला याची वही ठेवा. दोन-तीन बैठकांत सगळे आपोआप सावध खेळायला लागतात.

चिप्सचा डबा आणायची घाई नको. राजमा १००चा, काबुली चणा ५०चा, चवळी १०ची. प्रत्येकाला १० राजमे, ७ चणे, १५ चवळ्या, म्हणजे १,५००. फक्त वाटीत ठेवू नका, ताटलीत पसरून ठेवा. समोरच्याकडे किती उरलंय हे दिसलं नाही, तर पोकरमधला निम्मा विचारच करता येत नाही. पत्ते मात्र प्लास्टिकचे घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदी पत्ते दमट होऊन वाकतात, आणि कोपरा दुमडलेला एक्का तिसऱ्या डावापासून सगळ्यांना ओळखू येतो.

ब्लाइंड म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांनी भरायचीच अशी रक्कम, एकाची लहान, दुसऱ्याची मोठी. स्मॉल ब्लाइंड १०, बिग ब्लाइंड २० पासून सुरुवात करा. दर वीस मिनिटांनी वाढवा: २०-४०, ३०-६०, ५०-१००, १००-२००. ब्लाइंड वाढवले नाहीत तर रात्री दोनपर्यंत डाव लांबतो आणि शेवटी कंटाळून सगळे ऑल-इन करतात, म्हणजे उरलेल्या सगळ्या चिप्स एकदम लावतात.

आता खरी गंमत. पोकरमध्ये हातातल्या दोन पत्त्यांइतकीच तुमची बसायची जागा महत्त्वाची असते. फ्लॉपनंतर (टेबलावर एकदम उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांनंतर) बटणावर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर, बसलेला शेवटी बोलतो, म्हणजे बाकीच्यांनी काय केलं ते बघून ठरवतो. म्हणून पहिल्यांदा बोलायचं असेल तेव्हा मोठी जोडी, एक्का-राजा, एक्का-राणी असेच हात खेळा. बटणावर छोट्या जोड्या आणि एकाच रंगाचे (दोन्ही बदाम, दोन्ही किलवर असे) लागोपाठचे पत्तेही चालतात. नवशिके प्रत्येक जागेवरून सारखेच पत्ते खेळतात आणि मग नशिबाला दोष देतात.

एक हात नीट बघू. तुमच्याकडे बदाम राजा, बदाम दश्शी. फ्लॉपवर बदाम सत्ती, बदाम दुर्री, किलवर राणी. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १२० आहेत, समोरचा ६० लावतो. तुम्ही ६० घालून १८० साठी खेळताय, म्हणजे चारांत एकदा तरी जिंकायला हवं. न दिसलेले पत्ते ४७, त्यात बदाम ९. पुढच्याच पत्त्याला पाचवा बदाम येऊन कलर होण्याची शक्यता साधारण १९ टक्के. नुसत्या या हिशेबाने कॉल, म्हणजे त्याच्याइतकेच घालून डावात राहणं, तोट्याचा. समोरचा ऑल-इन असेल तर टेबलावर यायचे उरलेले दोन्ही पत्ते याच ६० मध्ये दिसतात, शक्यता ३५ टक्क्यांवर जाते, आणि कॉल बरोबर ठरतो. त्याच्याकडे चिप्स बाकी असतील तर प्रश्न बदलतो: बदाम आलाच, तर त्याच्याकडून आणखी निदान ७५ निघतील का? तो घट्ट खेळणारा असेल, तर टेबलावर तिसरा बदाम दिसताच पत्ते टाकेल. चिवट असेल तर देईल. गणित आणि माणूस इथे एकाच वेळी वाचावे लागतात. बुद्धिबळात संगणकाने १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, पण सहा जणांच्या पोकरमध्ये अव्वल खेळाडूंवर मात करायला त्याला २०१९ उजाडलं. लपलेली माहिती हाताळणं इतकं अवघड आहे.

म्हणूनच कॉल बरोबर होता की नाही, हे बदाम आला का यावरून ठरवू नका. डाव संपल्यावर पाच मिनिटं हिशेब मांडा. एवढं केलं तरी शिकणं कितीतरी लवकर होतं.

टेबलावर बिघडतं ते छोट्या गोष्टींत. "तुझे शंभर... आणि वर दोनशे" असं दोन टप्प्यांत लावायचं नाही, समोरच्याचा चेहरा बघून आकडा वाढवणं हा अन्याय आहे. आकडा आधी बोला किंवा चिप्स एकदम पुढे सरकवा. पत्ते टाकल्यावर "अरे, माझ्याकडे राणी होती" असं डाव चालू असताना बोललात, तर दुसऱ्याचा हात तुम्ही खेळलात. साइड पॉटला सगळे गोंधळतात: एकाकडे ३००, दोघांकडे ८००, आणि तिघेही ऑल-इन. प्रत्येकाचे ३०० मिळून ९००चा मुख्य पॉट, तो तिघांचा. उरलेले १,००० हा साइड पॉट, तो फक्त त्या दोघांचा. हे ढीग पत्ते उघडायच्या आधी वेगळे करा.

आणि शेवटी दोघंच उरले की नियम थोडा बदलतो, तिथे बरेच जण चुकतात: बटणवालाच स्मॉल ब्लाइंड भरतो, फ्लॉपच्या आधी पहिला बोलतो, आणि फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत शेवटी.