गवळ्याच्या पोराची शाळा

महाराष्ट्रातल्या वीसपेक्षा कमी पटाच्या सरकारी शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायच्या, ही २०२३ पासूनची चर्चा मी इथं न्यूझीलंडच्या वायकाटोत राहून वाचतो आहे. शिक्षक जास्त मिळतील, खेळायला सोबती मिळतील, हे खरंच आहे. पण शाळेच्या बसची वेळ ठरवताना वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजा भागातल्या नंद गवळ्याचा, म्हणजे गाई पाळून जगणाऱ्या समाजातल्या माणसाचा, गोठा कुणी विचारात घेतं का?

त्या घरचं पोर उजाडायच्या आत उठतं. शेण काढायचं, माय धार काढते तेव्हा वासरू धरायचं, मग ढोरं आखरावर, म्हणजे चरायला निघण्याआधी ती जमतात तिथं, पोचवायची. गवळाऊ जातीच्या गाई त्याला नावानिशी ठाऊक असतात. कोणती लाथ मारते, कोणती गाभण आहे, कोणती आज कळपामागं रेंगाळली म्हणजे तिला बरं नाही, सगळं सांगतं. शाळा गावात असली तर एवढं आटोपूनही ते घंटेला हजर होतं. ती दूर गेली की बस चुकते, आणि पोरीला तर आधी घरी बसवतात. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी हा शिक्षण हक्काचा नियम अशाच घरांसाठी आहे.

दिवसभर राखणीला धाडलेलं पोर शाळेत आणलंच पाहिजे, यावर माझी तडजोड नाही. पण शाळेआधी घरच्या गोठ्यात हात लावणं वेगळं. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंही शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या कामात मदत करायला मुभा दिली आहे.

इथं न्यूझीलंडमध्ये खेड्यांतल्या शाळांत ‘काफ क्लब डे’ असतो. जुलै-ऑगस्टात जन्मलेलं वासरू मूल स्वतः वाढवतं आणि ऑक्टोबरच्या सुमारास शाळेत आणतं. निगा कशी राखली, दोरीनं नीट चालतं का, हाकेला येतं का, हे परीक्षक बघतात आणि फीत लावतात. आडरानातल्या मुलांसाठी सरकारनं १९२२ मध्ये टपालानं शिकवणारी शाळा काढली, ती आजही चालू आहे. अर्थात इथल्या शेतकऱ्याकडे कुंपणाआड स्वतःचं कुरण आहे. आपल्या गवळ्याची चराई जंगलावर, आणि तिथलं बोरचं जंगल तर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प. त्यामुळे इथलं सगळं तिकडे चालणार नाही.

पोरांचा तान्हा पोळा मात्र आपलाच आहे. येत्या वर्षी गावच्या शाळेनं लाकडी बैलांच्या रांगेत गवळ्यांच्या पोरांना खरी वासरं घेऊन उभं करावं, आणि पट मोजायला येणाऱ्या साहेबांनी नेमकं त्याच दिवशी यावं.