ऑपरेशन थिएटरमध्ये 'थांबा' कोण म्हणू शकतं?

हॉस्पिटलमधल्या टीमवर्कबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा स्वभावांबद्दल बोलतो. सर किती प्रेमळ, सिस्टर किती समजूतदार, स्टाफ कसा घरच्यासारखा राहतो. ते हवंच. पण भूलतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं टेबलाच्या डोक्याशी उभी राहिल्यावर माझं मत पक्कं झालंय. तिथल्या सगळ्यात ज्युनिअर माणसाला "थांबा" म्हणता येतं का आणि ते ऐकून सगळ्यात सीनिअर माणूस खरोखर हात थांबवतो का, यावरून ती टीम आहे की नाही ते कळतं.

2005 मध्ये इंग्लंडमधली एक तरुण आई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाली. भूल दिली, पण श्वासनलिकेत नळी जाईना आणि मास्कनेही पुरेसा ऑक्सिजन पोचेना. थिएटरमध्ये दोन अनुभवी भूलतज्ज्ञ आणि एक अनुभवी कान-नाक-घसा सर्जन होते. तिघेही नळी घालायचा प्रयत्न करत राहिले. एका नर्सनं गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग करण्याचा सेट आणून तयार असल्याचं सांगितलं. दुसरीनं आयसीयूत बेड सांगून ठेवला, पण डॉक्टरांच्या नजरेवरून आपणच घाई करतोय असं वाटून तो रद्द केला. वीस मिनिटांहून अधिक काळ मेंदूला पुरेसा ऑक्सिजन मिळाला नाही. तेरा दिवसांनी ती बाई गेली. पुढे चौकशीत नर्सेसनी सांगितलं, काय करायला हवं ते कळत होतं, पण डॉक्टरांना ते कसं सांगावं हे कळत नव्हतं.

तिचा नवरा मार्टिन ब्रॉमिली पायलट. विमानात सहवैमानिकानं कॅप्टनला स्पष्टपणे टोकावं याचं प्रशिक्षण देतात, मग थिएटरमध्ये का नाही, असं त्यानं विचारलं आणि तेच काम हाती घेतलं. माझ्या ज्युनिअर मुलामुलींना मी ही घटना दरवर्षी सांगते. त्या थिएटरमध्ये कौशल्याला तोटा नव्हता, उपकरणंही हाताशी होती. उपाय माहीत असलेल्या माणसाचा शब्द तेवढा पोचला नाही.

2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी चेकलिस्ट आणली. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत तिचा अभ्यास झाला, त्यात आपली दिल्लीही होती. मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं, गुंतागुंत 11 टक्क्यांवरून 7 वर. छेद घेण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं, असं या यादीत लिहिलंय. अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला ते सगळ्यात मोलाचं कलम वाटतं. स्वतःचं नाव सांगून एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे अडचणीच्या वेळी बोलायला कचरत नाही.

आपल्याकडे एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलांना मिळणाऱ्या दर्जाच्या मानांकनाच्या निमित्तानं हा चेकलिस्टचा कागद बऱ्याच ठिकाणी पोचला. पण कितीतरी ठिकाणी तो केस संपल्यावर, एकाच पेनानं, एकाच हातानं भरला जातो. वर्षानुवर्षं स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांचं खरं नाव सर्जनला ठाऊक नसतं. बारा तासांच्या ड्युटीत तीन जणींचं काम करणाऱ्या सिस्टरला चेकलिस्ट वाचून दाखवायला वेळ कुणी देत नाही, हेही तितकंच खरं.

माझ्या अनुभवातलं सांगते. ऑपरेशनआधी निदान सहा तास दूधही चालत नाही, आणि आपला चहा दुधाचा असतो. भुलेत पोटातलं फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. केसपेपरवर "रात्रीपासून उपाशी" लिहिलेलं असतं. पहाटे नातेवाइकांनी पेशंटला चहा-बिस्किट दिलं हे माहीत असतं वॉर्डातल्या मावशींना, कारण कप त्यांनीच उचललेला असतो. एका हॉस्पिटलात एका मावशींनी हे मला येऊन सांगितलं. केस पुढे ढकलली, तर सर्जन सगळ्यांसमोर त्यांच्यावर खेकसले, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?" मी तिथल्या तिथे म्हटलं, मला हे विचारायचंच होतं, आणि त्यांचे आभार मानले. पण त्या मावशी नंतर कधी बोलल्या नाहीत, मी स्वतःहून विचारेपर्यंत.

आता मी रोज विचारते. पेशंटला, नातेवाइकांना आणि मावशींना.

मॉप काउंटचंही तेच, म्हणजे रक्त टिपायला वापरलेले कापडी मॉप टाके घालण्याआधी मोजण्याचं. "सर, एक कमी येतोय," असं सिस्टर म्हणाल्या की टाके घालणं थांबलं पाहिजे. सर कितीही मोठे असोत आणि बाहेर पुढची केस तयार असो. सिस्टरांनी ते दुसऱ्यांदा म्हणायची वेळ येऊ नये. हा नियम हॉस्पिटलनं लेखी द्यावा, खाली मालकांची आणि सगळ्या सर्जनांची सही असावी. आणि मानांकन तपासायला येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, फाइल मागण्याआधी एक अख्खी सकाळ थिएटरमध्ये उभे राहा आणि चेकलिस्ट कोण वाचतंय, बाकीचे ऐकतायत का, ते पाहा.