ट्रेंड पहिल्या नंबरवर, चिठ्ठ्या टेबलाखाली

निवडणूक आली की आमच्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो. 'आज संध्याकाळी बरोब्बर 7 वाजता. त्याआधी कुणीही हॅशटॅग टाकू नये.' खाली पंधरा-वीस तयार ट्विट, नुसती कॉपी करून टाकायची. मी बरीच वर्षं बूथचं काम करतोय, म्हणून आज मनातलं लिहितो.

हॅशटॅगने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. 2019 च्या लोकसभेचं आठवा. 'चौकीदार चोर है' हा आरोप भाजपने उचलला आणि त्याचाच 'मैं भी चौकीदार' केला. 17 मार्चला मोदींनी ट्विटरवर नावाआधी 'चौकीदार' लावलं, मग मंत्र्यांपासून गल्लीतल्या समर्थकापर्यंत सगळ्यांनी लावलं. स्वतःच्या नावात पक्षाची खूण घेतली की माणूस आपसूक कामाला लागतो. शत्रूचा शब्द हिसकावून घेण्यात ताकद असतेच. भाजपच्या 303 जागा आल्या.

पण 2024 च्या मार्चमध्ये तोच डाव परत खेळला गेला. लालूप्रसादांनी कुटुंबावरून टोमणा मारला आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या नावापुढे 'मोदी का परिवार' लागलं. ट्रेंड तसाच, उत्साह तसाच. जागा 240. आपल्या महाराष्ट्रात तर 23 वरून थेट 9. हॅशटॅगमुळे मतं मिळतात असं मानणाऱ्यांनी या दोन निकालांचा मेळ घालून दाखवावा.

माझ्या मते हॅशटॅग कार्यकर्त्याला जागता ठेवतो, मतदाराला घराबाहेर काढत नाही. ट्रेंडला मतदारसंघ नसतो. पोस्ट टाकणारा आपल्या प्रभागातला आहे की दुबईतला, हे त्या आकड्यातून कळत नाही. एका माणसाची पाच खाती असली तरी मत एकच.

2024 च्या विधानसभेला मतदानाच्या चार दिवस आधी आमच्या कार्यालयात पोरं ओरडली, 'आला! पहिल्या नंबरवर आला!' पेढे वाटले. त्याच टेबलाखाली दोन गल्ल्यांच्या मतदार चिठ्ठ्यांचा गठ्ठा रबर लावून तसाच पडलेला. मतदानाच्या दिवशी मागच्या चाळीतल्या आजी नेहमीच्या शाळेत गेल्या. तासभर रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं की नाव दुसऱ्या केंद्रावर गेलंय. आम्ही चिठ्ठी घेऊन पोचलो तेव्हा त्या गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता नाही रे बाळा होत. काल आला असतास तर?"

त्या निवडणुकीत कोल्हापूर जिल्ह्यात 76 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि मुंबई शहर जिल्ह्यात 52 च्या. मोबाईल कुठे जास्त आहेत ते सांगायला नको. कोल्हापुरात माणूस दारात येतो, 'चला काकू, रिक्षा थांबलीय' म्हणतो.

यंदा ग्रुपवर मी लिहिलंय : 7 वाजता ट्रेंड खुशाल करा, पण 5 वाजता निघून प्रत्येकाने आपल्या यादीतली दहा घरं करायची आणि कुणाचं नाव कुठल्या शाळेत गेलंय ते वहीत लिहून आणायचं. आजींचं केंद्र मी स्वतः तपासून आलोय. तळमजला आहे, पायऱ्या नाहीत.